कढईत लाल पडलेला वेफर आणि यजमानांचे यकृत

बेळगावच्या शहापुरातून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्या गेली बारा वर्षे घरी बटाट्याचे वेफर्स आणि चकल्या करून खडेबाजारातील दुकानांना पुरवतात. टेम्पो चालवणाऱ्या त्यांच्या यजमानांचे वय ४६ आहे. पोटाच्या सोनोग्राफीत त्यांना 'ग्रेड १ फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात सौम्य प्रमाणात चरबी, निघाले आणि रक्ताच्या तपासणीत यकृताची स्थिती दाखवणारा एसजीपीटी ६८, म्हणजे वाढलेला, आला. डॉक्टरांनी कानडीत बरेच समजावून सांगितले, पण त्या गडबडीत निम्मेच लक्षात राहिले. नेमक्या त्याच आठवड्यात बचतगटाच्या ग्रुपवर एक संदेश फिरला की तळलेल्या बटाट्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचे विष तयार होते आणि ते यकृत सडवते. तेव्हापासून सासूबाईंचे एकच पालुपद आहे : "तुझ्या कढईनंच माझ्या लेकाचं लिव्हर खाल्लं." हे खरे आहे काय, धंदा बंद करावा काय, आणि भाकरीचा करपलेला भाग, हॉटेलातील कॉफी व दूध आटवून केलेला कुंदा यांचे काय करावे, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, सासूबाईंच्या त्या वाक्याखाली तुम्ही दोन रेघा ओढल्या आहेत, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. तुमच्या यजमानांच्या यकृतातली चरबी तुमच्या वेफर्समधील अ‍ॅक्रिलामाइडमुळे साठली, असे म्हणायला आज वैद्यकशास्त्रात आधार नाही. मात्र संदेशाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे तळलेल्या बटाट्यात हा पदार्थ तयार होतो हे, पूर्णपणे खरे आहे. म्हणून संदेश खोडून टाकण्यापूर्वी तो नीट वाचणे बरे.

बटाट्यात अ‍ॅस्परॅजिन नावाचे एक अमिनो आम्ल मोकळ्या स्वरूपात भरपूर असते आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज या साध्या साखराही असतात. चकतीतले पाणी उडून ती कोरडी होऊ लागली आणि तापमान १२० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की या दोहोंचा संयोग होऊन पदार्थाला तांबूस रंग व खमंग वास येतो आणि त्याच खटाटोपात थोडे अ‍ॅक्रिलामाइडही तयार होते. पाणी शंभर अंशांवरच उकळते, त्यामुळे शिजवलेल्या, वाफवलेल्या किंवा उकडलेल्या अन्नात ते जवळपास तयार होत नाही. वरण-भात, उकडलेले रताळे आणि इडली या बाबतीत तुम्ही निश्चिंत असा. आपल्या भाषेत खमंग आणि खरपूस हे कौतुकाचे शब्द आहेत, तर करपट ही तक्रार आहे. खरपूस आणि करपट यांच्या मधली जी अरुंद पट्टी आहे, तिथेच ही सारी गोष्ट घडते.

अन्नात हे रसायन सापडले तेही काहीसे आडवाटेने. १९९७ साली दक्षिण स्वीडनमध्ये डोंगरातून रेल्वेचा बोगदा खणताना पाण्याची गळती थांबवण्यासाठी खडकाच्या भेगांत अ‍ॅक्रिलामाइड असलेले मिश्रण भरले गेले. ते झऱ्यांत उतरले, मासे मेले आणि त्या पाण्यावरच्या गाई लुळ्या पडल्या. कामगारांच्या रक्तातील हिमोग्लोबिनला हे रसायन किती चिकटले आहे हे पाहताना, ज्यांचा बोगद्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा माणसांच्या रक्तातही त्याच्या खुणा मिळाल्या. मग हे येते कुठून, याचा माग काढता काढता संशोधक स्वयंपाकघरात पोहोचले आणि एप्रिल २००२ मध्ये स्वीडनने तळलेल्या व भाजलेल्या पिष्टमय पदार्थांबाबत जगाला सांगितले. म्हणजे माणूस हे खात आला आहे चूल पेटली तेव्हापासून. त्याचा पत्ता मात्र आपल्याला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच लागला.

आता यकृताकडे वळतो. आतड्यांतून निघालेले रक्त शरीरभर फिरण्याआधी यकृतातून जाते, तेव्हा वेफरमधले अ‍ॅक्रिलामाइडही तिथे पोहोचते. तिथे त्याला दोन वाटा फुटतात. पहिली वाट सुटकेची : यकृताच्या पेशींत ग्लुटाथायोन नावाचे एक संरक्षक द्रव्य असते, ते या रसायनाला जखडून टाकते आणि तो जोड मूत्रावाटे बाहेर पडतो. दुसरी वाट अडचणीची : सीवायपी२ई१ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे ग्लायसिडामाइडमध्ये रूपांतर करते, आणि हे ग्लायसिडामाइड मूळ पदार्थापेक्षा अधिक चलाख असून पेशीच्या डीएनएला चिकटू शकते. त्यालाही ग्लुटाथायोन आवरते, पण ग्लुटाथायोनचा साठा अमर्याद नसतो. तो आटला की पेशीत ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, पेशींची आवरणे दुखावतात आणि एसजीपीटीसारखी पेशीच्या आतली विकरे रक्तात झिरपू लागतात. तुमच्या कागदावरचा ६८ हा आकडा अशा झिरपण्याचेच माप आहे. झिरपण्याचे कारण मात्र त्या आकड्यावरून कळत नाही.

उंदरांना अ‍ॅक्रिलामाइड पाजून यकृताची हानी दाखवणारे प्रयोग पुष्कळ आहेत, आणि असे संदेश बहुधा तिथूनच उचललेले असतात. त्या प्रयोगांत मात्रा किती होती, हे संदेशात कधीच लिहिलेले नसते. तुम्ही वजनकाट्यावर रोज माल मोजता, तेव्हा हा हिशेब तुमच्याच भाषेत मांडतो. असल्या प्रयोगांत पुष्कळदा उंदराच्या दर किलो वजनामागे रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक अ‍ॅक्रिलामाइड दिलेले असते. ६० किलोच्या माणसाला त्या हिशेबाने दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लागेल. युरोपीय संघाने वेफर्ससाठी जी मार्गदर्शक पातळी ठरवली आहे ती किलोमागे ७५० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाऊण मिलिग्रॅम, आहे. भागाकार केला तर त्या माणसाने एका दिवसात १,६०० किलो, म्हणजे सोळा क्विंटल वेफर्स खाल्ले पाहिजेत. उंदीर आणि माणूस यांचे शरीर सारखे नाही, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण सासूबाईंना सांगायला पुरेसा आहे.

एवढ्यावर पत्र मिटवले असते तर तुमची समजूत निघाली असती, पण ते प्रामाणिक उत्तर झाले नसते. या रसायनाबद्दलची खरी चिंता यकृत सडण्याची नसून दीर्घकाळात कर्करोगाची आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' अशा २ए गटात घातले. प्राण्यांमध्ये ज्या गाठी झाल्या त्या मुख्यतः थायरॉइड, स्तनग्रंथी यांसारख्या ठिकाणच्या होत्या, आणि माणसांवरील पाहण्यांत आहारातल्या अ‍ॅक्रिलामाइडचा कर्करोगाशी ठाम, सातत्यपूर्ण संबंध दिसलेला नाही. तरीही युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये असे मांडले की प्राण्यांत कर्करोगाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी मात्रा रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.१७ मिलिग्रॅमपासून धरावी लागते, आणि तिथला सामान्य प्रौढ माणूस रोज किलोमागे ०.४ ते ०.९ मायक्रोग्रॅम खातो. दोहोंतील अंतर साधारण १९० ते ४२५ पट भरते. ऐकायला हे मोठे वाटते, पण डीएनएला धक्का लावणाऱ्या पदार्थासाठी हे अंतर दहा हजार पट असावे अशी त्यांची अपेक्षा असते. लहान मुले वजनाच्या मानाने अधिक खातात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अंतर आणखी कमी होते. म्हणून माझे मत असे की धंदा बंद करण्याचे कारण नाही, पण तळण्याची रीत सुधारण्याचे कारण निश्चित आहे.

ती रीत कढईपाशी नव्हे, पोत्यापाशी सुरू होते. तुम्ही पत्रात लिहिले आहे की पावसाळ्यात कधी कधी आख्खे पोते 'लाल पडते', चकती कुरकुरीत होण्याआधीच तपकिरी होते आणि दुकानदार माल परत करतो. ताई, तो लालपणा हीच अ‍ॅक्रिलामाइडची सर्वांत सोपी चाचणी आहे, आणि तुम्ही ती बारा वर्षे नकळत करत आला आहात. बटाटा सहा-आठ अंशांखालच्या थंडीत राहिला की त्यातील पिष्टाची साखर होऊ लागते. पावसाळ्यात उत्तरेकडून येणारा बटाटा पुष्कळदा शीतगृहातून निघालेला असतो, आणि चवीला किंचित गोड लागला तर तो तळणीसाठी वाईट असे समजावे. आपल्याकडच्या तांबड्या मातीतला बटाटा ताजा असेपर्यंत ही अडचण कमी येते. पोते घेण्यापूर्वी दोन बटाट्यांच्या चकत्या तळून पाहा. लाल पडल्या तर ते पोते भाजीला किंवा वड्याच्या सारणाला वापरा. वड्याच्या आतला बटाटा शंभर अंशांपलीकडे जात नाही. घरी आणलेला बटाटा फ्रिजमध्ये कधीही ठेवू नका. अंधाऱ्या, हवेशीर, थंडाव्याच्या कोपऱ्यात पसरून ठेवा.

पुढची पायरी पाण्याची आहे. चकत्या पातेल्यात अर्धा तास भिजू द्या आणि पाणी निदान एकदा बदला. तळाशी पांढरा साका बसतो तो पिष्टाचा, पण त्याबरोबर साखर आणि अ‍ॅस्परॅजिनही पाण्यात उतरलेले असते. त्याहून चांगले म्हणजे चकत्या उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटे काढणे. तुमच्या सासूबाई उन्हाळी वाळवणाचे वेफर्स करताना तुरटीच्या पाण्यात चकत्या टाकून, मग उकळून, उन्हात सुकवत असतील. त्या जुन्या पद्धतीत रसायनाचे नावही ठाऊक नसताना त्याचा कच्चा माल निम्म्या वाटेतच धुऊन जात असे. हे तुम्ही त्यांना अवश्य सांगा. कढईच्या आरोपाचा निकाल लागेल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण वाळवणाचा अधिकार त्यांच्याकडे गेला की बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

तेलाचे तापमान १७५ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. तळणीचा धातूचा तापमापक एकदाच घ्यावा लागतो. तो नसेल तर धूर हीच सीमा समजू नका, कारण धूर दिसेपर्यंत तेल या मर्यादेच्या बरेच पुढे गेलेले असते. एका वेळी कढईत फार चकत्या लोटल्या तर तेल थंड होते, आच वाढवावी लागते आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळे एकदम लाल होते. हे शेवटचे अर्धे मिनिटच महाग पडते, कारण पाणी संपत आले की रसायन तयार होण्याचा वेग चढतो. बुडबुडे मंदावले, चकती सोनेरी-पिवळी दिसली, की झारा घाला. कडा तपकिरी होण्याची वाट पाहू नका. निवडताना करपलेले तुकडे बाजूला काढता ते घरच्यांच्या वाटीत जातात, असे तुम्हीच लिहिले आहे. ते टाकून द्या. दुकानात चांगले आणि घरात करपट, हा आपल्या घरगुती धंद्यांचा जुना नियम मला कधीच पटलेला नाही.

तळणीच्या तेलाचा प्रश्न वेगळा आहे, तो यात मिसळू नका. वारंवार तापवलेल्या तेलात दुसरी अपायकारक संयुगे साठतात, आणि १ जुलै २०१८ पासून देशात असा नियम आहे की तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे (तेल किती बिघडले त्याचे माप) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही. काळपट, चिकट आणि फेस धरणारे तेल पुन्हा कढईत घालू नये, एवढे घरी पुरेसे आहे.

भाकरी आणि कॉफीचे लवकर आटपतो. टम्म फुगलेल्या ज्वारीच्या भाकरीच्या आत वाफ असते, तिथे काही होत नाही. काळा पडलेला पापुद्रा खरवडून टाका, बाकीची निर्धास्त खा. कॉफीच्या बिया भाजताना अ‍ॅक्रिलामाइड तयार होते खरे, आणि कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या भाजलेल्या मुळांत ते कॉफीहून बरेच अधिक असते. तरीही कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे आजार कमी आढळतात, हे अनेक देशांतील पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. तेव्हा यजमानांनी दिवसाकाठी दोन कप घ्यावेत. पुडीवर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, ते कमी असलेली पुडी निवडावी आणि साखर आवरावी. यकृताला खरोखर भिण्यासारखे विष हवे असेल तर ते शेंगदाण्याच्या डब्यात शोधा. ओलसर, बुरशी धरलेल्या, कडवट दाण्यांत अफ्लाटॉक्सिन असते, माणसाच्या यकृतात त्यामुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे आणि भाजून ते पुरते जात नाही. चटणी कुटण्यापूर्वी असे दाणे निवडून फेकलेच पाहिजेत.

आता तुमच्या पत्रातल्या एका अर्ध्या ओळीकडे येतो. तिसऱ्या पानाच्या तळाशी, कंसात, तुम्ही लिहिले आहे : 'आठवड्यातून तीन-चारदा मित्रांबरोबर थोडी होते, आणि विडी.' चार पाने वेफर्सवर आणि अर्धी ओळ यावर. मी ते प्रमाण उलटे करायला सांगेन. वर ज्या सीवायपी२ई१ विकराचा उल्लेख केला, त्याचे प्रमाण नियमित दारूने वाढते, आणि पोटाच्या घेरासोबत वाढणाऱ्या यकृतातल्या चरबीतही ते वाढलेले आढळते. त्याच वेळी दारू ग्लुटाथायोनचा साठा खाली आणते. म्हणजे अ‍ॅक्रिलामाइडला अडचणीच्या वाटेवर ढकलणारा हात वाढतो आणि सुटकेची वाट अरुंद होते. शिवाय दारू यकृतात स्वतःची चरबी साठवते ती निराळीच. अंगदुखीसाठी आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळीही याच विकरामुळे काही अंशी विषारी रूप घेते, तेव्हा रात्री घेऊन सकाळी डोके दुखते म्हणून दोन-दोन गोळ्या टाकण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. विडीबद्दल सांगायचे तर, निपाणीच्या तंबाखूवर आपल्या भागातील किती घरे उभी राहिली हे मला ठाऊक आहे. पण जळत्या तंबाखूच्या धुरातही अ‍ॅक्रिलामाइड असते, आणि ओढणाऱ्यांच्या रक्तात त्याच्या खुणा न ओढणाऱ्यांपेक्षा ठळकपणे अधिक सापडतात. बटाटा सोडून विडी ठेवणे हा उफराटा व्यवहार होईल.

ग्रेड १ म्हणजे यकृत हाताबाहेर गेले असे नव्हे. ही अवस्था पुष्कळदा पूर्ण मागे फिरते. वजन पाच टक्क्यांनी उतरले तरी चरबी कमी होऊ लागते, आणि सात ते दहा टक्के उतरले तर सूजही ओसरते. यजमान ८० किलोचे आहेत असे तुम्ही कळवले आहे, तेव्हा पहिले लक्ष्य चार किलोंचे धरा. टेम्पोवर दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाला रोज पाऊण तास चालणे अवघड वाटेल, पण माल उतरवून परतताना ते जमू शकते. बाटलीतली गोड पेये बंद करावीत. डॉक्टरांना विचारून हिपॅटायटिस बी व सी, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबी तपासून घ्यावी, कारण वाढलेल्या एसजीपीटीची कारणे एकाहून अधिक असतात. पुढच्या भेटीला मराठी समजणारे कोणी सोबत न्या, किंवा डॉक्टरांनाच कागदावर चार ओळी लिहून मागा. मागायला संकोच करू नये. दारू पूर्ण बंद ठेवून तीन महिन्यांनी एसजीपीटी पुन्हा करा. मात्र ते रोज पिणारे असतील आणि सोडल्यावर हात थरथरणे, झोप उडणे असे काही झाले, तर घरच्या घरी सोडवू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी भरल्यासारखे फुगणे किंवा शौचाला डांबरासारखे काळे होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राहिला कुंदा. तो तपकिरी असतो म्हणून तुम्हाला भीती वाटली, पण प्रत्येक तपकिरी रंगामागे हेच रसायन असते असे नाही. दूध आटवताना जो रंग येतो तो दुधातली साखर आणि प्रथिने यांचा असतो. बटाट्यासारखे मोकळे अ‍ॅस्परॅजिन दुधात फार थोडे असल्यामुळे अ‍ॅक्रिलामाइडच्या दृष्टीने कुंदा जवळजवळ निर्दोष आहे. यकृताच्या चरबीच्या दृष्टीने तो निर्दोष नाही, कारण त्यात साखर आणि खवाच आहे. तेव्हा पाहुणे आले किंवा सण असला तर यजमानांना एक चमचा द्या, आणि डबा त्यांच्या टेम्पोत ठेवू नका.